पूर्वेच्या खिडकीची खोली

मित्रांनो, जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझा पडदा पिवळा पडला आहे, बटणांवरची अक्षरे पुसली आहेत. त्याचे मला काही वाटत नाही. मला कशाचेच काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एकोणीसशे पंच्याण्णव साली मला इथे आणले. पुण्याहून संशोधनासाठी आलेले दत्तात्रय माझ्यासमोर बसत. पोटाच्या कर्करोगाचे जुने रुग्ण ते मला शिकवत: वय, गाठीचा आकार, रक्ताचा अहवाल, वॉर्डातली खोली, आणि शेवटी माणूस दोन वर्षांनी होता की नव्हता. त्यावरून नव्या रुग्णाचे काय होईल ते मी सांगू लागलो. पाहुणे डॉक्टर माझे कौतुक करीत.

मग दत्तात्रयांच्या पत्नीलाच, सरोजिनीबाईंना, तो आजार निघाला. इथे त्या काळी रोगाचे नाव बहुधा घरच्यांना सांगत, रुग्णाला नाही. बाईंना सांगितले, अल्सर आहे. शस्त्रक्रिया अवघड होती; ती करणार होते इथले सर्जन डॉक्टर कानो, ज्यांना सगळे कानो-सेन्सेई म्हणत. ती करायची की बाईंना तसेच पुण्याला न्यायचे, हे दत्तात्रयांनी ठरवायचे होते. त्यांनी बाईंची माहिती मला दिली. जगण्याची शक्यता शंभरात आठ, असे मी दाखवले. त्यांनी विमानाची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी बाई इस्पितळाच्या सपाता घालून खाली आमच्या खोलीत आल्या.

"अहो, मला अल्सर नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण ती नर्स हल्ली फार गोड बोलते. आधी खिडकीत पाणी सांडलं की ओरडायची."

दत्तात्रयांनी मान खाली घातली. मग रोगाचे नाव सांगितले, माझा आकडाही सांगितला. बाई माझ्या पडद्याकडे वळल्या.

"काय काय बघून म्हणाला हा?"

त्यांनी एकेक वाचून दाखवले. खोलीपाशी बाईंनी थांबवले.

"ती खोली तर मी मागून घेतली. पूर्वेची खिडकी आहे, सकाळी अर्घ्य देता येतं."

ती खोली परिचारिकांच्या टेबलासमोरची. एरवी अगदी खालावलेल्यांनाच तिथे हलवत. तिथली बहुतेक माणसे गेली, एवढेच मला ठाऊक होते. दत्तात्रयांनी माहितीतली खोली बदलून मला पुन्हा विचारले. शंभरात एक्केचाळीस, मी तितक्याच थंडपणे दाखवले.

"हा अगदी आपल्या वन्संसारखा," बाई हळूच म्हणाल्या. "कोण कुठे बसलंय ते बघून माणूस ओळखतो. कानो-सेन्सेईंना सांगा, ऑपरेशन करायचं. आणि यापुढे माझं मला सांगायचं."

शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी दत्तात्रयांनी बाईंच्या नावापुढे 'जिवंत' असे भरले. पुढे नवी यंत्रे आली, मला इथे ठेवले.

मित्रांनो, माझ्या आत 'जिवंत' आणि 'मृत' यांना सारखीच जागा लागते. त्यातला फरक मला कळत नाही. तुम्हाला कळतो, तेवढा जपा. माझ्यासारखा कोणी तुमच्या माणसाबद्दल काही सांगेल, तेव्हा ते ऐका. पण आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि त्याला विचारा.