वरच्या फळीवरचे चौदा खोके

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मला हिशेब तपासणाऱ्या एका बड्या कंपनीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. माझे आतोबा तिला शेवटपर्यंत उमेदवारीच म्हणत राहिले. "उमेदवारी म्हणजे काय माहीत आहे का?" ते म्हणायचे, "काम सगळं करायचं आणि खुर्ची दुसऱ्याची झाडायची." मी आत्याकडेच राहायला आले होते, कारण तिचं घर ऑफिसपासून एका बसच्या अंतरावर होतं.

पहिल्या दिवशी आत्याने स्वतःचे काळे बूट मला दिले. ते मला एक मापाने मोठे होते. तिने पुढे कापसाचे बोळे कोंबले आणि म्हणाली, "चाल बघू." मी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालले. आतोबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "बदक बरं चालतं."

ऑफिस नवव्या मजल्यावर होतं. गालिचा इतका जाड, की माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. आम्ही अकरा विद्यार्थी होतो आणि आम्हाला झेरॉक्स मशीनशेजारचं एक लांब टेबल दिलं होतं. बाकीचे दहाजण खिडकीकडच्या खुर्च्यांसाठी भांडायचे, मी भिंतीकडची आपणहून घ्यायची. मला उंचीची भीती वाटते, लहानपणापासून. हे मी तिथे कोणालाही सांगितलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे आम्ही कागदांना भोकं पाडली. खरंच सांगते, हिशेबशास्त्र राहिलं बाजूला, मला त्या पंचिंग मशीनची खोड कळली होती. डावीकडे जरा जोर दिला की ते नीट चालायचं. काम बघायला एक सीनियर मॅडम होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधणाऱ्या. टेबलावर कागद वाकडा पडला असला तर बोलता बोलता तो सरळ करायच्या. आमच्यातल्या एका उंच मुलाने त्यांचं नाव 'काटेकोर' ठेवलं आणि ते चिकटलं. काटेकोर मॅडम ओरडायच्या नाहीत. त्या फक्त विचारायच्या, "हे तू स्वतः पाहिलंस का?" एवढ्यानेच आमचं धाबं दणाणायचं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. शहराबाहेर कुलपं आणि बिजागऱ्या बनवणारा एक जुना कारखाना होता. त्याचं वर्ष संपत होतं आणि गोदामातला माल प्रत्यक्ष मोजून वहीशी ताडायचा होता. तीन दिवसांचं काम. "तू येशील माझ्याबरोबर," मॅडम म्हणाल्या. बाकीच्या दहांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला लॉटरी लागली. मलाही तसंच वाटलं.

गोदाम लांबलचक होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी फळ्या, वरून धुळकट काचांतून येणारा पिवळट उजेड, आणि तेलाचा, पितळेचा, नव्या पुठ्ठ्याचा मिळून एक वास. तो वास मला नंतर कधीच कुठे मिळाला नाही. स्टोअरकीपर काका दारातच उभे होते. साठीला टेकलेले, छातीच्या खिशात तीन पेनं, आणि बगलेत स्वतःच्या हाताने लिहिलेली जाडजूड वही.

"दरवर्षी येतात तुमचे लोक," ते मला म्हणाले. "दारात उभे राहतात, चहा पितात, मान डोलावतात आणि जातात. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि काय."

"या वर्षी उंट आणलेला नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. काकांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत लपवलं.

मॅडमनी यादीचे दोन भाग केले. कुलपं त्यांच्याकडे, बिजागऱ्या आणि कड्या माझ्याकडे. काका माझ्याबरोबर फिरायचे. मी खोके उघडायचे, मोजायचे, यादीतल्या आकड्यापुढे बरोबरची खूण करायचे. दुपारपर्यंत माझे हात काळे झाले होते आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

चार वाजता यादीत आला माल सर्वांत वरच्या फळीवरचा. पितळी बिजागऱ्या, मोठ्या, चौदा खोके. काकांनी शिडी आणून टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

मी दोन पायऱ्या चढले. तिसऱ्या पायरीवर आत्याचा बूट टाचेतून निसटला. मी खाली पाहिलं आणि संपलंच. मी उतरले, चार पावलं मागे गेले, मान वर करून पाहिलं. पुढच्या रांगेत सात खोके दिसत होते. मागे आणखी एक रांग असणार. सात दुणे चौदा.

"वर नाही जायचं?" काकांनी विचारलं.

"दिसतंय की इथून," मी म्हणाले आणि खूण केली.

काकांनी शिडी ओढत जागेवर नेऊन ठेवली. ती शिडी जमिनीवरून घासत नेल्याचा आवाज मला संध्याकाळभर ऐकू येत राहिला.

जेवताना मी ताटात नुसती बोटं फिरवत होते. आत्याच्या नजरेतून काय सुटणार! तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी सांगितलं.

"अगं छकुले, चौदा असतीलच की तिथे," ती म्हणाली. "बिजागऱ्यांना काय पाय फुटतात? राईचा पर्वत करू नकोस."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आतोबांनी सल्ला दिला. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "पण तुझ्याने ती झाकून धरवेलसं दिसत नाही. भात गार झाला बघ."

सकाळी कारखान्याच्या फाटकाशी मॅडम माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. मी बसमध्ये चार-पाच वाक्यं जुळवून ठेवली होती. बूट मोठे आहेत, उजेड कमी होता, वगैरे. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"मॅडम, काल मी एक खूण न मोजता केली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठली?"

"वरच्या फळीवरची. चौदा खोके. मला उंचीची भीती वाटते."

"चल," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. फाटकापासून गोदामापर्यंतचा तो रस्ता मला कोसभर वाटला.

काकांनी न सांगता शिडी आणली. मला वाटलं, मॅडम स्वतः चढतील. त्यांनी शिडीचा एक दांडा धरला, काकांनी दुसरा धरला आणि मॅडम म्हणाल्या, "बूट काढ. अनवाणी चढ. खाली बघू नकोस. खोके समोर आहेत, तिकडे बघ आणि मोठ्याने मोज."

पायरी तळव्याला गार लागली. मी चढले. नऊ पायऱ्या होत्या, त्या मात्र मी स्वतः मोजल्या. वर पोचल्यावर एका हाताने फळी घट्ट धरून मी पुढचे खोके एकेक बाजूला सारले. "आठ!" मी ओरडले. मागची रांग खरोखरच होती. "नऊ! दहा!" गोदामाच्या टोकाला माल बांधणाऱ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. "चौदा!" म्हणाले तेव्हा त्यांच्यातल्या एकीने टाळ्या वाजवल्या.

मी उतरले. आनंद पोटात मावत नव्हता. "मॅडम, आकडा बरोबर निघाला!"

"आकडा बरोबरच होता," त्या म्हणाल्या. "खूण खोटी होती."

मी रबर काढला, तर त्यांनी माझा हात धरला. "खोडायचं नाही. एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. शेजारी नवीन खूण कर, आजची तारीख घाल, सही कर. चूक झाली तीही दिसू दे, आणि दुरुस्त झाली तेही दिसू दे."

काका शिडी उचलताना माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "काल मी बोलणार होतो. मग म्हटलं, आपण कशाला? पण एक सांगतो पोरी, बावीस वर्षांत त्या फळीवर माझ्याशिवाय कोणी चढलेलं नाही." आणि त्यांनी वही उघडून बिजागऱ्यांच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं, एखाद्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.

तो आणि शेवटचा असे उरलेले दोन दिवस आठवले की अजून चेहऱ्यावर हसू येतं. दुपारी आम्ही तिघं उलट्या खोक्यांवर बसून डबा खायचो. काकांची बायको त्यांच्या डब्यात रोज एक चिठ्ठी घालायची, घरी येताना आणायच्या सामानाची, आणि काका ती आम्हाला वाचून दाखवायचे. "साबण. दोरा. आणि कालचा साबण विसरलात तो."

शेवटच्या दुपारी काका म्हणाले की आपण कुलूप नुसत्या आवाजावरून ओळखू शकतो.

"हे सिद्ध करता येईल का?" मॅडमनी विचारलं.

"बांधा डोळे."

मॅडमनी आपला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. मग अगदी गंभीरपणे कागदावर रकाने आखले, मला दहा कुलपं आणायला लावली आणि एकेक करून काकांच्या कानाशी लावून उघडली. काका ऐकायचे आणि सांगायचे, "तीन नंबर, लहान. सहा नंबर, स्प्रिंग जरा सैल आहे, परत पाठवा. नऊ नंबर." मॅडम प्रत्येकापुढे खूण करत होत्या. नऊ झाली, नऊच्या नऊ बरोबर. दहाव्या वेळी मॅडमनी मला खुणेने थांबवलं आणि हळूच स्वतःच्या बॅगेचं कुलूप उघडलं.

काका थबकले. पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं. मग म्हणाले, "हे आमचं नव्हे. आणि ज्याने विकलं ना तुम्हाला, त्याने फसवलं."

मॅडम हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना खोक्यावर बसावं लागलं. आमच्या नवव्या मजल्यावर कोणाला हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मी सांगितलंही नाही. ते आमच्या तिघांचं होतं.

सहावा आठवडा संपला तेव्हा अकरा जणांतून चौघांना पुढे नोकरीवर घेणार होते. त्यांत माझं नाव नव्हतं. प्रत्येकाला आपापल्या अहवालाची प्रत मिळाली. माझ्यात मॅडमच्या सरळ अक्षरात चांगलं पुष्कळ लिहिलं होतं आणि मध्ये हेही होतं: 'एक खूण न तपासता केली. दुसऱ्या सकाळी कोणी न विचारता स्वतः सांगितले व दुरुस्त केले. घ्यावी, अशी शिफारस.' मोठ्या केबिनमधल्या साहेबांनी यातल्या पहिल्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

मी मॅडमच्या टेबलापाशी गेले. अहवाल हातातच होता.

"तुम्हाला ते गाळता आलं असतं," मी म्हणाले.

"आलं असतं."

"मग?"

त्यांनी टेबलावरचा एक कागद सरळ केला. मग परत वाकडा केला. त्यांना तसं करताना मी एकदाच पाहिलं. "मग पुढचं वाक्यही लिहिता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्याबद्दल मला तेच सांगायचं होतं. त्यांनी पुढे वाचलं नाही, हे माझ्या हातात नव्हतं. मी दोनदा जाऊन बोलले त्यांच्याशी."

मला ते पटलं नाही. तेव्हा नाहीच. मी "बरं" म्हणून वळले आणि लिफ्टमध्ये रडले. घरी आत्याने त्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आतोबा काही विनोद करतील म्हणून मी वाट पाहिली, पण ते उठून माझ्यासाठी चहा करायला गेले. त्यांना चहा येत नव्हता.

पुढच्या वर्षी मी तीन खोल्यांच्या एका छोट्या ऑफिसात मुलाखतीला गेले. "मोठ्यांनी का नाही घेतलं?" तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी विचारलं. मी झालं तसं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "शिडी आमच्याकडेही आहे. सोमवारी ये." त्या ऑफिसात मला सव्वीस वर्षं झाली. अजूनही शिडी चढताना मी बूट काढते आणि शिकाऊ मुलं एकमेकांना कोपर मारून हसतात.

मॅडम मला त्यानंतर एकदाच भेटल्या, गेल्या वर्षी, आमच्या व्यवसायाच्या एका मोठ्या संमेलनात. चहाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या होत्या. केस पांढरे, पण घड्याळ तसंच आतल्या बाजूला. मी ओळख दिली तेव्हा त्यांना काही आठवेना. बड्या कंपनीत दरवर्षी अकरा पोरं यायची, त्या तरी किती लक्षात ठेवणार! मग मी गोदामाबद्दल सांगायला लागले आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तुला माझा राग आला होता," त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं होता."

"दोनच? मला वाटलं, जास्त असेल." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या पोरीचं पुढे काय झालं असेल, असा विचार मी खूपदा केला. चेहरा विसरले, पण विचार करायचे."

आम्ही भिंतीकडच्या दोन खुर्च्यांवर बसलो. त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेले. ऑफिस, मुलगी, आत्या आता ऐकायला कमी येत असूनही कशी सगळं ऐकते ते. मग त्या सांगायला लागल्या. बहिणीबरोबर राहतात, गुडघे कुरकुरतात, संध्याकाळी शेजारच्या मुलांना गणित शिकवतात. आत सभागृहात घंटा झाली, लोक कप ठेवून घाईघाईने गेले, दारं लागली. काटेकोर मॅडमनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. त्या दिवशीचं पहिलं भाषण आमचं दोघींचं बुडलं.