नको असलेली साखर

आमचे भावजी एन्झाइम घडवतात. एन्झाइम म्हणजे साखरेचं रूप पालटणारे बारीक कामगार, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलंय. फळातल्या साखरेपासून वजन न वाढवणारी साखर बनवायची, हा त्यांच्या कारखान्याचा धंदा. पण भावजींचं एन्झाइम जरा धांदरट होतं. हव्या त्या साखरेबरोबर भलतीच एक साखर थोडीशी बनवून ठेवायचं. ती वेगळी काढून टाकावी लागे आणि साहेब लोक तिच्या नावानं बोटं मोडत.

आमची लेक चिमी त्या टाकाऊ साखरेवर जगत होती.

तिच्या शरीराला नेमकी तीच साखर बनवता येत नाही. ती पोटात गेली नाही, की पाय सुजतात, नाकातून रक्त येतं. अशी मुलं इतकी थोडी, की त्यांच्यासाठी ती बनवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. भावजींनी साहेबांची परवानगी काढली, डॉक्टरांना विचारलं आणि ती साखर शुद्ध करून डबा भरून आणू लागले. प्रत्येक जेवणाबरोबर एक चमचा. चिमी पळायला लागली, भांडायला लागली, माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागली.

मग एका दुपारी भावजी पुष्पगुच्छ घेऊन आले. चेहरा मात्र सुतकी.

"काय हो, बक्षीस मिळालं की शिक्षा?" मी विचारलं.

"एन्झाइम उष्णतेत टिकत नव्हतं, वहिनी. टिकावं म्हणून त्यात एक छोटासा बदल केला. टिकलं. पण आता ते एकच साखर बनवतं. चुकतच नाही."

मी "अभिनंदन" म्हणूनही मोकळी झाले. मग डोक्यात प्रकाश पडला.

"जुनं वापरा ना मग!"

"जुनं आहे माझ्याकडे. पण ते चालवायला कारखान्यात टाक्या नाहीत. सगळ्या नव्यावर चालू झाल्या. साहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, एका मुलीसाठी कारखाना मागे नेता येत नाही. दुसरीकडेही विचारलं. सगळ्यांना नवंच हवंय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण या माणसानं आपलं काम चोख केलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. मी पुष्पगुच्छ बादलीत ठेवला आणि उगाच भांडी आपटली.

आता काम संपल्यावर भावजी प्रयोगशाळेत थांबून काचेच्या भांड्यात जुनं एन्झाइम चालवतात. आठवडाभर राबून एक चमचा साखर निघते. घरातला डबा संपला आणि चिमीचे मोजे घोट्यांना रुतायला लागले.

शनिवारी त्यांनी टेबलावर पुडी ठेवली.

"वहिनी, कोणत्या दिवशी द्यायची?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे पाहत होता. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, तुम्हीच ठरवा. मला इतकं हतबल आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नाकाला रुमाल लावून चिमी खुर्चीवर चढली.

"उद्या दे ना, काका. रविवारी तू घरी असतोस. मला पळताना बघशील."

"बघीन," भावजी म्हणाले.

एका चमच्यानं सूज उतरणार नव्हती. त्या टेबलाभोवती हे फक्त तिलाच माहीत नव्हतं.