उषाबलची पुडी आणि एक चूळ

रविवारी सकाळी सात वाजता आमची वस्ती अंथरुणातून उठलेली दिसणं हाच खरं तर मोठा चमत्कार. पण त्या दिवशी समाजमंदिरासमोरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या रात्री शेजारच्या तृप्तीची हळद झाली होती, मांडव अजून उतरवला नव्हता. त्याच मांडवाखाली निळा टाय लावलेला एक माणूस माईक धरून उभा होता. मागे फ्लेक्स झळकत होता : ‘उषाबल. रात्रही तुमची, सकाळही तुमची!’

आमची वस्ती नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथे बुवाबाजी चालत नाही, याचा आम्हाला फार अभिमान. अंगारा घेऊन कोणी आलाच तर आमची पोरं त्याला चार प्रश्न विचारतात आणि रिक्षात बसवून देतात. पण हा टाय लावून आला होता. दर दुसऱ्या वाक्याला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणत होता. मग कसले प्रश्न आणि कसलं काय! सगळे माना डोलवायला लागले.

मी स्नेहा. शाळेत विज्ञान शिकवते. हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. आई म्हणाली, “चल गं, घरात बसून काय करतीस,” म्हणून जाऊन बसले, एवढंच.

“बंधू-भगिनींनो, मी शामसुंदर सर, वेलनेस कोच,” टायवाला सांगत होता. “दारू सोडा असं मी म्हणणार नाही. म्हणणारे खूप आहेत, तुम्ही ऐकता का? नाही ना! मग ऐका सायन्स. दारूत असतं टॉक्सिन. टॉक्सिन चढतं लिव्हरवर, लिव्हर चिडतं डोक्यावर. आपली पुडी मध्ये पडते आणि भांडण मिटवते! प्यायच्या आधी एक, झोपताना एक. सकाळी डोकं हलकं, तोंडाला वास नाही आणि मशीनवर शून्य. जपानमध्ये तर हे घराघरात आहे!”

“जपानात बी हाय म्हन्ते,” आई माझ्या कानात पुटपुटली. माझी आई सुलाबाई. जपान कुठे आहे हे तिला विचारू नका.

मशीनचं नाव निघाल्यावर मांडवानं कान टवकारले. कारण आमची निम्मी वस्ती पुढच्या कारखान्यात कामाला. तिथे गेटवर प्रत्येकाला मशीनमध्ये फुंकावं लागतं. आकडा आला की त्या दिवसापुरतं घरी. शामसुंदर सरांनी पिशवीतून अगदी तसंच मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. बाबा लोक खोटं बोलतील, मशीन कशाला खोटं बोलेल?

“पुरावा पाहिजे ना? काल रात्री हळदीत मी फुकट वाटलेली पुडी कोणी घेऊन बघितली?”

हात वर आला तो माझ्या धाकट्या भावाचा, धम्मपालचा. तो त्याच कारखान्याची बस चालवतो. बस रस्त्याच्या कडेला उभीच होती, पहिल्या स्टॉपची माणसं आत बसली होती. आठला निघायचं होतं.

“किती घेतली होती, धम्मपालभाऊ?”

“मोजली नाही, सर,” धम्मपाल हसला. “तीन वाजेपर्यंत नाचत होतो.”

“आणि आता डोकं?”

“एकदम हलकं! कापसावानी!”

टाळ्या पडल्या. आईनं तर त्याच्यावरून बोटं मोडली. शामसुंदर सरांनी त्याला मिठी मारली, पण मशीन काही त्याच्या तोंडापुढे धरलं नाही. “यांना ड्युटीची घाई आहे. आपण दुसरं कोणी बघू. काल अजिबात न घेतलेलं माणूस पाहिजे, म्हणजे टेस्ट शुद्ध होते!”

सहादूमामा पुढे गेले. गुडघ्याच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्यांनी दारूला शिवलेलं नाही. सरांनी बाटलीच्या झाकणात व्हिस्की ओतली. “मामा, गिळायची नाही हं. समोर समाजमंदिर आहे, माय-भगिनी बसल्यात. आपण वस्तीचा मान राखू. नुसती चूळ भरा आणि थुंका.”

“किती सभ्य माणूस!” मागून कोणी तरी म्हणालं.

मामांनी चूळ भरली, थुंकली, फुंकलं. एकशे चाळीस! मांडवातून ‘अरे बापरे’ उठलं. मग मामांना पाण्यातून पुडी पाजली आणि सरांनी माईक घेतला. लिव्हर झालं, किडनी झाली, सरांच्या साडूचा संसार कसा वाचला तेही झालं. चांगली वीस मिनिटं बोलून त्यांनी मामांना पुन्हा फुंकायला लावलं.

शून्य.

शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. माणसं टेबलाकडे धावली. सहादूमामा स्वतःच्या तोंडापुढे हात धरून वास घेत होते, जणू ते तोंड दुसऱ्याचंच. धम्मपालनं चार पुड्या खिशात टाकल्या, किल्ली बोटात फिरवली आणि बसकडे निघाला.

गेल्या वर्षी असंच एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझा नवरा नवनाथ सकाळी स्कूटर काढायला लागला. “उतरली गं कधीच,” म्हणाला. त्याचंही डोकं दुखत नव्हतं. नाशकातल्या द्वारका चौकात तो टेम्पोखाली गेला. तेव्हापासून माझ्या आत काहीच हलत नाही. लोक म्हणतात, रड, मोकळी हो. येतच नाही रडू, काय करू?

पण धम्मपालच्या बोटात फिरणारी ती किल्ली मला दिसली, आणि मी उठून थेट टेबलापाशी गेले.

“धम्मपाल, थांब. बस हलवायची नाही.” मग सरांना म्हणाले, “मलाही चूळ द्या.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विधवा बाई, शाळेतली बाई, भर वस्तीत दारूची चूळ मागतेय. “स्नेहा, डोकं फिरलं का तुझं?” आई किंचाळली. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. बाटली मीच उचलली, झाकण भरलं, चूळ भरली आणि खाली थुंकली. तोंडात आग झाली. फुंकलं. एकशे पंचावन्न.

“आता पुडी घ्या, मॅडम,” सर घाईघाईनं म्हणाले.

“पुडी नको. पाणीसुद्धा नको. तुम्ही फक्त मघासारखं बोला. साडूचं राहिलं असेल काही.”

“मॅडम, प्रोसेस वेगळी असते... विदाउट प्रॉडक्ट रिझल्ट येत नाही...”

“मग न येऊ द्या. बघू तरी.”

सर मशीन पिशवीत घालायला लागले, तर सहादूमामांनी त्यांचा हात धरला. “बसा की सर. आमी बी बसलोच होतो.” बसमधली माणसंही उतरून आली. धम्मपाल घड्याळ दाखवत राहिला, “ताई, उशीर होतोय, लाज काढू नको.” मी उभीच राहिले. वीस मिनिटं झाल्यावर फुंकलं.

शून्य.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

“चूळ थुंकली,” मी म्हणाले, “म्हणजे पोटात गेलंच नाही, रक्तात कुठून येणार? दारू होती ती तोंडात, आणि मशीननं तीच मोजली. तोंडातली दारू थोड्या वेळात आपोआप उडून जाते. पुडी घ्या, नका घेऊ. मामांची दारू सरांच्या भाषणानं उतरली. वेळ काढायचा होता, तो त्यांनी काढला. वस्तीचा मान राखायचा म्हणून थुंकायला नव्हतं लावलं, गिळली असती तर आकडा शून्यावर आला नसता म्हणून लावलं!”

“आणि माझं काय?” धम्मपाल चिडला. “मी तर प्यायलोय ना? पुडी घेतली ना? माझं डोकं हलकं हाय, ते बी खोटं का?”

“फुंक.”

“ताई...”

“फुंक म्हणते ना!”

फुंकताना तो सरांकडे बघत होता. सर फ्लेक्सकडे बघत होते.

मशीननं ब्याण्णव दाखवले. तीसच्या वर गाडी चालवणं गुन्हा आहे, हे बसच्या ड्रायव्हरला मी काय सांगायचं?

“पण मला काहीच होत नाहीये,” तो हळू आवाजात म्हणाला.

“होणार कसं? अजून उतरलीच नाही तुझी. दारू उतरायला लागते, तेव्हा डोकं धरतं. तुझं डोकं पुडीनं हलकं नाही झालेलं, दारूनं हलकं आहे. या डोक्यानं तू ही माणसं घेऊन निघाला होतास. गेटवरचं मशीन तुला पकडेल रे, पण गेट शेवटी येतं, रस्ता आधी!”

बसमधून उतरलेली माणसं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातात उषाबलचं अख्खं पाकीट होतं, ते त्यानं टेबलावर ठेवून दिलं. धम्मपालनं किल्ली माझ्या हातात दिली आणि बसच्या मालकाला फोन लावला. “साहेब, आज दुसरा ड्रायव्हर पाठवा. माझी उतरली नाहीये.” सगळ्यांच्या समोर म्हणाला. माझ्या भावाचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. हो, वाटला, आणि कितीतरी दिवसांनी काही तरी वाटलं म्हणून मीच दचकले.

शामसुंदर सरांना कोणी मारलं नाही, बरं का. पैसे मात्र तिथल्या तिथे परत करायला लावले. जाताना ते म्हणालेच, “मॅडम, प्रॉडक्ट पॉझिटिव्ह माइंडनं घ्यावं लागतं.” मी पाकीट वाचून दाखवलं : ग्लुकोज, मीठ, लिंबाचा अर्क, दोन-तीन जीवनसत्त्वं. विष नाही त्यात. उन्हातून आल्यावर खुशाल प्या. पण रक्तातली दारू लिव्हर आपल्या चालीनं उतरवतं, आणि त्याला घाई करणारी पुडी जपानात नाही, नाशकात नाही, कुठेच नाही.

अकराच्या सुमारास धम्मपालचं डोकं धरलं. असं धरलं की बोलायची सोय नाही. दोनदा ओकला, अंथरुणावर आडवा झाला आणि “आई गं, मेलो” म्हणून विव्हळायला लागला. आई दारात येऊन मला विचारते, “ती पुडी राहिलीया एक, देऊ का?” मी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती पाणी आणायला गेली.

मी त्याच्या उशाशी बसून राहिले. तो कण्हत होता आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं. निर्दय वाटेल, पण खरं तेच सांगते.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एकच सांगायचंय. टाय लावून आलेल्या माणसालाही तेच चार प्रश्न विचारा, जे अंगारेवाल्याला विचारता. पुडी न घेता काय झालं असतं, हे आधी विचारा. आणि रात्री प्यायला असाल तर सकाळी डोकं हलकं आहे म्हणून किल्ली उचलू नका. घरी पडून राहा, कण्हा, ओका, बायकोची बोलणी खा. ती बोलणी खायला घरी असा, एवढंच.