चेन जोडायला दोन माणसं

थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नसत. आईच्या आजारपणात कोण राबलं आणि कोण नुसतं येऊन बसलं, यावरून एकदा जी वाजली ती वाजलीच. घरं वेगळी झाली, शेतं वेगळी झाली. गवताचे गठ्ठे बांधायचा बेलर तेवढा सामाईक राहिला.

त्यामुळे गवत कापणीच्या आधी एक दिवस दोघांना शेडमध्ये यावंच लागे. झिजणारा भाग तुटायची वाट बघायची नाही, हा थोरल्याचा नियम. पात्याची धार, गवत उचलणारे दाते, बेअरिंगं, सगळं तो चाचपून बघे आणि शंका आली की बदलून टाके. चेन बदलणं मात्र एकट्याचं काम नव्हे. एकाने दोन्ही टोकं ओढून धरायची, दुसऱ्याने जोडकडी बसवायची. "धर", "सोड", "पाना दे" एवढंच त्यांचं बोलणं. धाकट्याची बायको म्हणे, "वर्षातून एकदा भावाशी बोलता, आणि त्यातही पाना मागता." तो ते हसण्यावारी नेई.

यंदा धाकटा शेड उघडून बसला, पण थोरला आलाच नाही. दुपारी पुतणी आली, नवी चेन आणि दात्यांची पिशवी घेऊन.

"बाबा दवाखान्यात आहेत, काका. हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. कळवू नको म्हणाले."

धाकट्याने पिशवी तिथेच ठेवली आणि तिच्याच स्कूटरवर मागे बसून निघाला.

थोरला उशीला टेकून बसला होता. अंगाची पार काडी झाली होती. धाकट्याला पाहून तो जरा सावरून बसला. मग म्हणाला, "चेन बदललीस?"

"बदलली," धाकटा म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"एकट्याने?"

"पोरगी होती की धरायला."

पुतणीने मान खाली घातली.

"फार घट्ट नाही ना केलीस? बेअरिंग जातं."

"नाही."

"मग पुढच्या वर्षीही तिलाच बोलाव."

धाकट्याला बोलायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली आणि तो बाजूला झाला. निघताना म्हणाला, "उद्या येतो, दादा."

दुसऱ्या दिवशी तो चपला घालत होता, तेव्हाच फोन आला.

गवत कुणासाठी थांबत नाही. आठवड्याने काका-पुतणी शेडमध्ये आली. तिचा जोर कमी पडत होता, कडी सारखी निसटत होती.

"बाबांना कळलं होतं," ती मध्येच म्हणाली. "तुम्ही गेल्यावर म्हणाले, नखात जरासुद्धा ग्रीस नाही, आणि म्हणे चेन बदलली."

"रागावला?"

"हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच."

धाकटा तिच्याकडे पाठ करून बराच वेळ पाने पुसत राहिला.

त्या वर्षी त्याने आधी थोरल्याचं शेत उरकलं. बेलर कुठे अडला नाही. शेवटचा गठ्ठा पडल्यावर तो त्या घराच्या पायरीवर टेकला. वहिनीने पाणी आणून दिलं.

"वहिनी, आईच्या वेळी दादाच राबला. मी नुसता येऊन बसायचो."



"हे त्यांना सांगायचं होतंत, भाऊजी," ती म्हणाली, आणि रिकामं भांडं घेऊन आत गेली.