मिठाचा धोटा

मी धोटा बोलतोय. मालेगावच्या इब्राहिमच्या मागावरचा. शिसवीचा हाय मी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात सुताची कांडी. या कडंनं त्या कडंला पळायचं, एवढंच माझं काम. पण मी पळालो तरच लुगडं व्हतं, हे ध्यानात ठेवा.

सूत सलाउद्दीनशेठचं, मेहनत इब्राहिमची. बरं चाललं व्हतं. मग बाजारात जपानी कापड आलं. चकचकीत, पातळ, स्वस्त तर इतकं की कुणाला खरं वाटंना. बाया आमच्या लुगड्याला नाकं मुरडाया लागल्या.

तेवढ्यात गोऱ्या सरकारला कळवळा आला. आमचा नव्हं, त्यांच्या विलायतेतल्या गिरण्यांचा! जपानी कापडावर जबर जकात बसली. त्यात आमचं बी फावलं. मला दम खायला फुरसत नव्हती.

पण जपान चिडला. म्हणला, तुमचा कापूसच नको. आन् मेला कोण? चांदवडकडचा कापूस पिकवणारा सावळीराम, इब्राहिमचा लंगोटीयार. एक दिवस दारातूनच वरडला,

"काय इब्राहिमभाई, सरकार जावई झालं का तुझं?"

"आन् जपान तुझा मामा हाय का रं? माझा माग बंद पडत व्हता तवा आलतास रडाया?"

"माझ्या घरात कापूस छपराला टेकलाय!"

"मग गाद्या भर आन् झोप!"

इब्राहिमची बायको जैतुनबी चहा घेऊन आली. "भांडा भांडा. पार लंडनला ऐकू गेलं पायजे."

दोघं बी हसले. जाताना सावळीराम म्हणला, "पोरीचं लगीन हाय. लुगडं तुझ्याच मागाचं. आमच्या घरात दुसरं चालत नाय."

मग दिल्लीत गोरे आन् जपानी एका टेबलाला बसले. जपाननं कापूस न्यायचा, बदल्यात कापड आणायचं. जमलं त्यांचं! कापसाच्या गाड्या हालल्या, आन् आमचं गिऱ्हाईक गेलं. सलाउद्दीनशेठ येऊन बोलला, "इब्राहिम, हा ताणा खपला तर पुढचं सूत देतो. नाय तर माग उचल."

ताणा म्हंजी मागावर चढवलेलं उभं सूत. त्याच्यावर सावळीरामच्या पोरीचं लुगडं व्हतं, पोपटी, लाल काठाचं. निम्मं झालं व्हतं. असा तापलो व्हतो मी पळून पळून!

आन् सावळीराम आला. कापूस खपलेला, मिशीला पीळ, काखंत गठुडं. गठुड्यात जपानी लुगडं.

"रागावू नको भाई. बायकोनं बाजारात बघितलं, हट्टच धरला. पोरीला बी हेच पायजे."

"आन् मागावर हाय ते?"

"ते दुसरं कुणी घेईल की."

आमच्यात चढवलेला ताणा कुणी कापत नाय. बाप मेला तरी लुगडं पुरं करून मगच उतरवत्यात. इब्राहिमनं सुरी घेतली आन् सावळीरामच्या डोळ्यांदेखत सगळा ताणा कापला. सुतं सपासप लोंबली. मी खाली मातीत.

सावळीराम गठुडं काखंत मारून गेला. पण ही गोष्ट आळीभर झाली. ताणा कापणाऱ्याला सूत कोण देणार? सलाउद्दीनशेठनं दिलं नाय, दुसऱ्यानं बी नाय. माग गेला जळणाला, उरलो मी एकटा.

आता इब्राहिम कापूस दाबायच्या प्रेसवर हमाल हाय. जपानला जाणाऱ्या कापसाच्या गाठी पाठीवर घेतो. सांजच्याला केसांत कापूस घेऊन येतो, भाकरीला बसतो.

माझ्या पोटात जैतुनबी मीठ ठिवती. तो चिमूट घेतो, पर माझ्याकडं बघत नाय. माझी टोपणं गंजली. कुणी तरी जैतुनबीला सांगा, मला बी चुलीत घाल म्हणावं. मीठ राखायला नव्हतो जन्मलो मी.