कामी येईल

मागच्या दारी फुटक्या फरशा, जुनी चौकट आणि पाइपांचे तुकडे यांचा ढीग होता. ‘कधीतरी कामी येईल’ म्हणत नवऱ्याने तो जमवला होता आणि ‘उचला एकदाचा’ हे सांगून सांगून बायकोच्या तोंडाला फेस आला होता. त्या दिवशी दोरीवरचे कपडे काढताना तिने त्या ढिगात साप शिरताना पाहिला.

तिने लेकीला घरात पाठवलं, सर्पमित्राला फोन लावला आणि लांब उभी राहून ढिगावर नजर ठेवली. नवरा मात्र काठी घेऊनच धावत आला.

“खबरदार पुढे गेलात तर!” ती ओरडली. “चावला तर तुम्हाला कुठल्या ढिगात ठेवू?”

सर्पमित्र आला. त्याने एकेक फरशी लांबूनच आकडीने सरकवली आणि साप अलगद पिशवीत घेतला.

“ढिगात उंदीर झालेत. उंदरांमागे साप येणारच,” तो म्हणाला. “हा ढीग आजच हलवा.”

“आत्ता हलवतो!” नवऱ्याने बाह्या सरसावल्या.

सर्पमित्राला पुढच्या दाराशी बसवून बायको चहा टाकायला आत गेली. बाहेर फरशा उचलल्याचे आवाज येत होते. इतक्या वर्षांनी माणूस ऐकतोय, म्हणून तिने त्याच्या चहात साखरही जरा जास्तच घातली. मग आवाज अगदी जवळ आला. तिने बाहेर डोकावलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सगळ्या फरशा नीट रचलेल्या होत्या.

“इथे बऱ्या राहतील,” नवरा घाम पुसत म्हणाला. “कामी येतील.”

ती तशीच पुढच्या दाराशी गेली. “भाऊ, चहा झाला की तुमचा नंबर आमच्या भिंतीवरच लिहून जा.”