गोल राहिलेल्या पेशी

“तोंड झाकून बसायचं, आणि वर म्हणे हसतमुख राहा,” आई दवाखान्याच्या खोलीत मास्कच्या आत पुटपुटली.

थोरली हात धुऊन आली. मग काहीतरी आठवल्यासारखी परत गेली आणि पुन्हा धुऊन आली. पलंगावर धाकटी उशीला टेकून बसली होती. केस गेलेल्या डोक्यावरची टोपी कपाळावर घसरलेली. थोरलीच्या रक्तातल्या मूळ पेशी तिला चढवून बरेच दिवस झाले होते. डॉक्टर रोज ‘बघू’ म्हणत, आणि आई त्या ‘बघू’चं घरी पोचेपर्यंत ‘होईल’ करून टाकी.

“ताई, तुझ्या त्या पेशींचं सांग ना परत. आईला.”

“किती वेळा?” थोरली प्रयोगशाळेत काचेच्या बशीत अशाच पेशी वाढवायची. “मूळ पेशीचं काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. ठरावीक निरोप मिळाले की काहींना फांद्या फुटतात. मग त्या अंगभर हिंडून जंतू पकडतात, त्याचा तुकडा लढणाऱ्या पेशींना नेऊन दाखवतात. ‘हा बघा, हा शिरलाय घरात,’ असं.”

“म्हणजे आपली मोठी काकू,” आई म्हणाली. “आपल्याकडे पाहुणा आला की आपल्याआधी गल्लीला कळायचं.”

धाकटी हसली. हसू खोकल्यात गेलं आणि लवकर बाहेर येईना. थोरलीने उठून पडदा सारखा केला. तो सारखाच होता.

“मग तुझ्या बशीतल्यांना फुटल्या का फांद्या?” आईने घाईने विचारलं.

“नाही. वाटाण्यासारख्या गोल बसल्यात. निरोपाचं औषध घालायचंच विसरले मी.”

आईचा पिशवीतला हात थांबला. ही मुलगी गॅसची कळ चारदा बघून घराबाहेर पडणारी.

“होतं असं,” आई म्हणाली. “डॉक्टर बघू म्हणालेत ना.”

थोरली पुन्हा बेसिनकडे निघाली.

“झिजतील गं हात. बस इथे.” धाकटीने पलंगाची कड थोपटली. “मी काल डॉक्टरांना खोदून विचारलं. तुम्हा दोघींना मीच सांगेन, म्हटलं.”

“काय सांगणारेस?” आई म्हणाली. “उगाच काहीतरी.”

धाकटीने थोरलीची साबणाने भेगाळलेली बोटं हातात घेतली.

“तुझ्या पेशी माझ्यात रुजल्या नाहीत, ताई. आणि तिथे तू काही घालायचं विसरली नव्हतीस.”